परदेशातले जेवण आणि शेजारच्या टेबलावरचा धूर

एप्रिलचा पहिला आठवडा. क्योतोमध्ये साकुरा फुललेला. नाशिकचे एक निवृत्त शिक्षक, त्यांची पत्नी आणि तोक्योत नोकरी करणारा त्यांचा मुलगा दिवसभर हिंडून संध्याकाळी एका गल्लीत शिरले. दारावर लाल कागदी कंदील, आत लाकडी काउंटर, जेमतेम दहा-बारा माणसांची जागा. भाज्यांचे आणि टोफूचे पदार्थ मिळतात, एवढे मुलाने आधीच विचारून ठेवले होते. भात आणि तळलेल्या भाज्या समोर आल्या, तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी सिगारेट पेटवली. मग पलीकडच्यांनीही.

बाईंना वीस वर्षांपासून दमा. पाच-सात मिनिटे त्या ओढणी नाकाला लावून बसल्या. ‘‘अहो, जरा बाहेर जाऊ या का?’’ असे त्या म्हणाल्या, तोपर्यंत छातीत शिट्टी वाजू लागली होती. पंप हॉटेलवरच्या बॅगेत राहिला होता. टॅक्सीने परत जाऊन औषध घेईपर्यंत अर्धा तास गेला. औषधाने आराम पडला, रुग्णालय गाठावे लागले नाही. पण तो अर्धा तास तिघांनाही फार मोठा वाटला.

‘‘जपानसारख्या स्वच्छ देशात हे कसे?’’ हा शिक्षकांचा प्रश्न. मुलगा खजील झाला होता. दाराशी लहानसा स्टिकर होता, त्यावर सगळे लिहिलेले होते. तो मेनू वाचण्यात गुंतला आणि स्टिकर वाचायचा राहून गेला.

ही चूक कोणाच्याही हातून होईल, कारण हॉटेलात शिरताना धुराबद्दल विचारायची सवय आपल्याला उरलेली नाही. भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला स्वतंत्र, बंदिस्त धूम्रपान कक्ष ठेवता येतो, एवढीच सवलत. अंमलबजावणीत उणिवा आहेत, पण कुटुंबासह जेवायला गेल्यावर शेजारी सिगारेट पेटेल, अशी भीती सहसा नसते. परदेशात मात्र नियम देशागणिक, कधी कधी शहरागणिक बदलतात. दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि लहान मुले किंवा गर्भवती सोबत असलेल्यांनी शाकाहारी जेवणाची चौकशी करावी, तशीच धुराचीही चौकशी करायला हवी.

कोपऱ्यातल्या टेबलाने काय होते?

सिगारेटच्या धुराचे दोन प्रवाह असतात. एक ओढणाऱ्याच्या फुप्फुसातून बाहेर पडतो. दुसरा सिगारेटच्या जळत्या टोकाकडून थेट हवेत जातो. शेजाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या धुरात या दुसऱ्या प्रवाहाचाच भाग मोठा असतो. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेट कमी तापमानाला धुमसत असते, ज्वलन अपुरे होते. त्यामुळे त्या धुरात कित्येक विषारी द्रव्यांचे प्रमाण ओढलेल्या धुरापेक्षा अधिक असते. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने सापडली आहेत आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोगाला कारणीभूत ठरू शकतात.

या धुराचे कण बहुतांशी एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते लवकर खाली बसत नाहीत. खोलीतली हवा जिथे जाईल तिथे जातात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. म्हणून ‘धूम्रपान न करणाऱ्यांचा विभाग’ आणि ‘धूरमुक्त उपाहारगृह’ या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच छपराखाली अर्ध्या टेबलांवर सिगारेटला मुभा असेल, तर उरलेल्या टेबलांवरही तीच हवा येते. वातानुकूलन यंत्र ती थंड करते, फिरवते. त्यातले विष काढून टाकत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने हे स्पष्ट शब्दांत मांडले. दुसऱ्याच्या धुराची कोणतीही पातळी निर्धोक नाही, आणि वेगळी जागा, हवा शुद्ध करणारी यंत्रे किंवा पंखे लावून हा संपर्क पूर्ण थांबवता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संघटनेचे, म्हणजे ‘ॲश्रे’चे मतही हेच आहे. आत धूम्रपान होऊ न देणे हाच खात्रीचा उपाय.

थोडक्यात, आपले टेबल कुठे आहे याला फारसे महत्त्व नाही. त्या छपराखाली कोणी सिगारेट ओढू शकतो का, हे विचारले पाहिजे.

अर्ध्या तासात

‘एका जेवणाने असे काय बिघडणार?’ असे पुष्कळांना वाटते. याचे एक उत्तर जपानमधूनच आले. ओसाकातील संशोधकांनी २००१ मध्ये एक लहानसा, पण महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी तरुणांना, काही धूम्रपान करणारे आणि काही न करणारे, रुग्णालयाच्या धूम्रपान कक्षात तीस मिनिटे बसवले गेले. गरज पडल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्या रक्तप्रवाह किती वाढवू शकतात, याचे मोजमाप आधी आणि नंतर झाले. कधीही सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये ही क्षमता अर्ध्या तासात घसरून जवळपास धूम्रपान करणाऱ्यांच्या पातळीवर आली. निरोगी तरुण त्यातून सावरतो. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, ज्याला स्टेंट बसवला आहे, त्याच्याकडे एवढी गंगाजळी नसते. शिवाय धुरामुळे रक्तातील प्लेटलेट अधिक चिकट होतात आणि गुठळी होण्याची शक्यता वाढते.

दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका मुळातच हळव्या असतात. धूर लागताच त्यांचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, चिकट स्राव वाढतो. नाशिकच्या बाईंच्या छातीत वाजलेली शिट्टी म्हणजे अरुंद झालेल्या नळ्यांतून जोराने जाणारी हवा.

दीर्घकाळच्या संपर्काची किंमतही जपानमध्येच प्रथम ठळकपणे मोजली गेली. तोक्योच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या संशोधन संस्थेतील ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची माहिती १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. नवरा जितका अधिक सिगारेट ओढणारा, तितका पत्नीला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक, असे त्यात दिसले. तंबाखू उद्योगाने या अभ्यासावर हल्ला चढवला, पण पुढे इतर देशांतल्या अभ्यासांतूनही तेच निष्पन्न झाले. दुसऱ्याच्या धुरात सातत्याने राहणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, असे आज मानले जाते.

रस्त्यावर दंड, आत मुभा

मग याच जपानमध्ये काउंटरवर सिगारेट कशी पेटते? जपानने या प्रश्नाकडे आधी रस्त्याच्या बाजूने पाहिले. तोक्योच्या चियोदा विभागाने २००२ मध्ये गर्दीच्या रस्त्यांवर सिगारेट ओढणाऱ्यांना दंड लावायला सुरुवात केली. चालताना हातातल्या जळत्या सिगारेटचा चटका इतरांना, विशेषतः मुलांना लागू नये आणि थोटके रस्त्यावर पडू नयेत, हा हेतू. इतर शहरांनीही तसे नियम केले. उपाहारगृहांच्या आतला भाग मात्र बराच काळ मालकाच्या मर्जीवर राहिला. त्यामुळे पाहुण्याला रस्ता स्वच्छ दिसतो आणि आतही तसेच असेल असे तो गृहीत धरतो.

जपानमध्ये तंबाखूचे मूळ खोल आहे. १९६० च्या दशकात तिथले ८० टक्क्यांहून अधिक पुरुष धूम्रपान करत. २०१९ मध्ये हे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवर आले होते. जपान टोबॅको या कंपनीत आजही सरकारचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा आहे. ऑलिंपिक तोंडावर आल्यावर कायदा कडक करायचे ठरले, तेव्हा लहान उपाहारगृहांना किती सवलत द्यायची यावर बरीच ओढाताण झाली. अखेर २०१८ मध्ये कायदा सुधारला आणि १ एप्रिल २०२० पासून पूर्णपणे लागू झाला.

त्यानुसार उपाहारगृहांच्या आत धूम्रपानाला बंदी आहे, पण एक मोठी पळवाट उरली. कायदा लागू होण्यापूर्वीपासून चालू असलेले, ग्राहकांची जागा १०० चौरस मीटरपर्यंत आणि भांडवल ५ कोटी येनपर्यंत असलेले उपाहारगृह धूम्रपानाला परवानगी देऊ शकते. तिथे जेवतानाही सिगारेट चालते. तोक्यो महानगराने स्वतःचा अधिक कडक नियम केला. मालकाव्यतिरिक्त एकही कर्मचारी असेल, तर आकार कितीही लहान असो, जेवणाच्या जागेत सिगारेट नाही. ओसाका प्रांतानेही एप्रिल २०२५ पासून १०० चौरस मीटरची मर्यादा ३० वर आणली. क्योतोत मात्र राष्ट्रीय कायद्याचीच सवलत लागू पडते. त्या संध्याकाळचा कंदीलवाला काउंटर कायद्याच्या चौकटीतच होता.

प्रवाशाने यावरून सोपा ठोकताळा लक्षात ठेवावा. मॉलमधले, रेल्वे स्थानकाच्या इमारतीतले, मोठ्या साखळीतले किंवा अलीकडे सुरू झालेले उपाहारगृह असेल, तर जेवणाची जागा बहुधा धूरमुक्त. जितके जुने, लहान आणि गल्लीतले, तितकी चौकशी अधिक गरजेची. इझाकाया, म्हणजे मद्याबरोबर खाण्याचे पदार्थ देणारी ठिकाणे, आणि किस्सातेन, म्हणजे जुन्या वळणाची कॉफीगृहे, इथे विशेष सावध राहावे.

तीन शब्द

धूम्रपानाची मुभा असेल किंवा त्यासाठी खोली असेल, तर तसे दाराशी लावणे जपानी कायद्याने बंधनकारक आहे. तीन शब्द ओळखता आले की काम होते. ‘किन-एन’ म्हणजे धूम्रपान बंद. ‘कित्सु-एन’ म्हणजे धूम्रपान. ‘बुन-एन’ म्हणजे विभागलेला धूर, आणि फसगत इथेच होते. ‘बुन-एन’ खोली दारे लावून पूर्ण वेगळी केलेली असू शकते किंवा जुन्या पद्धतीने नुसती टेबले वेगळी केलेली असू शकतात. दम्याच्या रुग्णाने तिथे न बसणेच बरे. ‘झेन-सेकी किन-एन देसु का?’ म्हणजे ‘सर्वच आसनांवर धूम्रपान बंद आहे का?’ एवढा प्रश्न पाठ करावा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने स्टिकरचे भाषांतरही चटकन मिळते. उपाहारगृहांची माहिती देणाऱ्या ‘ताबेलोग’ या जपानी संकेतस्थळावर प्रत्येक ठिकाणाच्या नोंदीत धूम्रपानाचा रकाना असतो. तो बुकिंगपूर्वी पाहावा.

आणखी एक युक्ती आहे. वीस वर्षांखालील कोणालाही, अगदी तिथला कर्मचारी असला तरी, धूम्रपानाच्या भागात जाता येत नाही. म्हणून ‘लहान मुलांना आत घेता का?’ असे विचारून नकार मिळाला, तर तिथे धूर असण्याची शक्यता मोठी.

‘हीटेड टोबॅको’चे, म्हणजे तंबाखू न जाळता तापवणाऱ्या उपकरणांचे जपानमध्ये मोठे पेव आहे. त्यासाठी राखलेल्या खोलीत खाणेपिणेही चालते. त्यातून निघणारी वाफ सिगारेटच्या धुराइतकी दाट नसते, तरी त्यात निकोटिन आणि क्षोभक द्रव्ये असतातच. हळव्या श्वासनलिकेला तीही पुरतात.

इतर देशांत

मराठी पर्यटकांची वर्दळ असलेल्या इतर देशांत चित्र वेगवेगळे आहे. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी पबसह सर्व बंदिस्त कामाच्या जागा धूरमुक्त केल्या. असे करणारा तो पहिला देश. इटलीने २००५ मध्ये, इंग्लंडने २००७ मध्ये, फ्रान्सने २००८ मध्ये आणि स्पेनने २०११ मध्ये उपाहारगृहांच्या आत बंदी आणली. ऑस्ट्रियाला २०१९ उजाडावे लागले. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय कायद्यात ८० चौरस मीटरपर्यंतच्या ठिकाणाला धूम्रपानाचे उपाहारगृह म्हणून चालवण्याची सोय आहे, काही कँटन मात्र अधिक कडक आहेत. जर्मनीत हा राज्यांचा विषय आहे. बव्हेरियात जनमत घेऊन २०१० पासून पूर्ण बंदी झाली, इतर अनेक राज्यांत लहान मद्यगृहांना सूट आहे.

युरोपात आपल्या लोकांची फसगत होते ती बहुधा बाहेरच्या टेबलांवर. आत बंदी असल्याने सगळे धूम्रपान करणारे अंगणात येऊन बसतात, आणि उन्हाळ्यात पर्यटकालाही तिथेच बसायचे असते. फ्रान्सने जून २०२५ च्या अखेरीस समुद्रकिनारे, उद्याने, बसथांबे इथे बंदी आणली, पण कॅफेच्या बाहेरच्या बैठकीला वगळले. स्वीडनने मात्र २०१९ पासून बाहेरच्या बैठकीतही बंदी घातली आहे. तेव्हा पॅरिसमध्ये दमेकऱ्याने निमूटपणे आतले टेबल मागावे. वरून छप्पर आणि बाजूंनी प्लास्टिकचे पडदे लावलेले अंगण असेल, तर तिथली हवा खोलीसारखीच समजावी.

अमेरिकेत सर्व देशाला लागू असा एक कायदा नाही. लास वेगासमध्ये उपाहारगृहे धूरमुक्त आहेत, पण कॅसिनोला सूट आहे, आणि मोठ्या हॉटेलांत जेवणाच्या जागेकडे जाणारी वाट अनेकदा कॅसिनोच्या मधूनच जाते. आखाती देशांत आणि तुर्कस्तानात शिशाची, म्हणजे हुक्क्याची बैठक जवळ नाही ना, हे पाहावे. पाण्यातून गेल्याने हुक्क्याचा धूर शुद्ध होत नाही. त्यात वरच्या कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडची भर पडते.

निघण्यापूर्वी

दमा किंवा सीओपीडी असलेल्यांनी प्रवासाच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून रोजचे औषध नीट बसवून घ्यावे. आजार आटोक्यात असेल, तर चुकून लागलेला धूरही कमी त्रास देतो. तातडीचा पंप खिशात किंवा खांद्यावरच्या पिशवीत असावा. सोबतच्याकडे आणखी एक असावा. औषधांची मूळ नावे लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी जवळ ठेवावी. साध्या मास्कवर विसंबू नये. एन-९५ कण अडवतो, वायू नाही, आणि तो लावून जेवता येत नाही.

धुराचा वास येताच उठावे. मागवलेले जेवण वाया जाईल, यजमानाला वाईट वाटेल, या संकोचापायी बसून राहणे हीच सर्वात घातक चूक. पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा छातीत दाब जाणवत असेल, तर हॉटेलवर परतण्यात वेळ न घालवता रुग्णवाहिका बोलवावी. जपानमध्ये त्यासाठी ११९ आणि युरोपातील बहुतेक देशांत ११२ हा क्रमांक आहे.

वाढणारी माणसे

पर्यटक तासाभराने उठून जातो. वाढणारा तिथेच असतो. कॅनडातील ओटावाच्या हेदर क्रो यांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी उपाहारगृहांत वाढपी म्हणून काम केले आणि २००२ मध्ये त्यांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. कामाच्या ठिकाणच्या धुराने झालेला आजार म्हणून त्यांचा भरपाईचा दावा मान्य झाला. उरलेला काळ त्यांनी देशभर फिरून, आपल्यानंतर कोणाला असे मरण येऊ नये, हे सांगण्यात घालवला. मे २००६ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या ओंटारिओ प्रांतात धूरमुक्त जागांचा कायदा लागू झाला.

असा कायदा झाल्यावर काय घडते, हेही मोजले गेले आहे. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये बारमध्ये बंदी आली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतील ५३ बारकर्मचाऱ्यांची आधी आणि नंतर तपासणी झाली. ज्यांना आधी खोकला, धाप, घरघर होती, त्यांच्यापैकी ५९ टक्के जणांची लक्षणे काही आठवड्यांत नाहीशी झाली. स्कॉटलंडमध्ये २००६ च्या बंदीनंतर नऊ रुग्णालयांत हृदयाच्या तीव्र झटक्यांसाठी होणारे प्रवेश १७ टक्क्यांनी घटले, आणि या घटीत मोठा वाटा धूम्रपान न करणाऱ्यांचा होता.

आज महाराष्ट्रातून शिकायला गेलेली मुले परदेशात फी आणि घरभाड्यासाठी उपाहारगृहांत अर्धवेळ कामे करतात. जपानमध्ये नोकरीच्या जाहिरातीतच त्या जागी धूम्रपानाबाबत काय व्यवस्था आहे, हे लिहिणे मालकावर बंधनकारक आहे. पगाराचा आकडा पाहताना आई-वडिलांनी मुलांना तो रकानाही वाचायला सांगावा.

नाशिकच्या त्या कुटुंबाने पुढचे पाच दिवस प्रत्येक दाराशी आधी स्टिकर वाचला, मग मेनू. दोन ठिकाणांहून ते परत फिरले. बाईंनी पंप पर्समध्ये ठेवला होता. तो पुन्हा काढावा लागला नाही. परतीच्या आदल्या रात्री त्यांनी मुलाला विचारले, ‘‘त्या पहिल्या दिवशी आपल्याला वाढणारी मुलगी होती ना, तुझ्याहून लहान असेल. ती रोज रात्री तिथेच असते का रे?’’ मुलाकडे उत्तर नव्हते.